जमाखर्चाचं गणगोत

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे बचत गटांच्या हिशेबासाठी मोबाईल ॲप करायचं काम आलं. मी बॅकएंडवाला, पण मराठी माध्यमात शिकलेला टीममध्ये एकटाच. त्यामुळे बटणांवरचे आणि सूचनांमधले मराठी शब्द ठरवणंही माझ्याच गळ्यात पडलं. मी चाळीसेक शब्दांची यादी केली. जमा, खर्च, शिल्लक, हिशेब, हप्ता, हजेरी, तपशील, तारीख, मंजूर वगैरे. यादी बाहेरच्या एका भाषातज्ज्ञाकडे तपासायला गेली आणि परत आली तेव्हा निम्म्या शब्दांवर लाल रेघ होती. खर्चाच्या जागी 'व्यय', हिशेबाच्या जागी 'लेखा', हजेरीच्या जागी 'उपस्थिती', तपशिलाच्या जागी 'विवरण'. बाजूला एकच वाक्य होतं: हे शब्द मराठी नाहीत.

मी नया नगरमध्ये राहतो, मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला. आमचं घर मूळचं म्हसळ्याकडचं, घरातली बोली कोकणी मुसलमानांची. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या वस्तीचं नाव बरेच दिवस बातम्यांत होतं. तेव्हापासून पत्ता सांगितला की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. त्यामुळे 'मराठी नाही' हा शेरा मला फक्त शब्दांपुरता वाचता आला नाही, हे आधीच कबूल करतो.

त्या रात्री मी यादी अम्मीला दाखवली. ती म्हसळ्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि गेली पंधरा वर्षं आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी चालवते. वही मराठीत असते. तिने यादी वरून खाली वाचली आणि विचारलं, "व्यय म्हणजे वय का रे?"

मग मी ठरवलं की उत्तर रागाने द्यायचं नाही, पुराव्यानिशी द्यायचं. आधी हे शब्द आले कुठून ते शोधू.

लहानपणी मकतबमध्ये मी अरबी अक्षरं शिकलो होतो. वाचता यायचं, अर्थ कळायचा नाही. अरबी शब्दांची घडण कशी असते हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं, तेही मराठी शब्दांमुळे. संस्कृतात जसा धातू असतो आणि 'कृ'पासून कर्ता, कर्म, कार्य, कारण, कृती, क्रिया निघतात, तसं अरबीत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात. फरक एवढाच की संस्कृतात मुख्यतः धातूच्या मागेपुढे प्रत्यय-उपसर्ग लागतात, तर अरबीत तीन व्यंजनांच्या मधल्या जागा वेगवेगळ्या स्वरांनी भरल्या जातात. साचा ठरलेला असतो, त्यात व्यंजनं घातली की शब्द तयार होतो. प्रोग्रामरला हे लगेच कळतं. फंक्शन तेच, इनपुट वेगळा.

'ह-स-ल' घ्या. मिळवणं, हाती येणं हा त्याचा अर्थ. 'केलेलं' सांगणाऱ्या साच्यात घातलं की महसूल, म्हणजे जे मिळालं ते. 'करण्याची क्रिया' सांगणाऱ्या साच्यात घातलं की तहसील, म्हणजे गोळा करणं. तहसीलदार महसूल खात्यात का असतो, हे मी बावीस वर्षं मराठी वाचूनही कधी विचारलं नव्हतं. दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत.

'ज-म-अ' म्हणजे एकत्र येणं, एकत्र करणं. त्यातून जमा, जमात, जमाव. लोक एकत्र येतात तो जुम्मा आणि त्या दिवशी जिथे येतात ती जामा मशीद. 'एकत्र केलेलं' या साच्यातून मजमू आणि तो सांभाळणारा मुजुमदार, म्हणजे सगळ्या जमेचा ताळा ठेवणारा अधिकारी. पुण्यात आजही जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय आहे आणि सातबाराच्या कारभाराशी त्यांच्या खात्याचा संबंध आहे. आमच्या गल्लीतल्या जुम्म्याच्या नमाजाचं आणि राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या उताऱ्याचं मूळ एकच निघालं, तेव्हा मी रात्री एक वाजता अम्मीला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता झोप."

'न-ज-र' म्हणजे बघणं. त्यातून नजर, कोर्टातला नाजर, दाखल्यादाखल दिली जाणारी नजीर, आणि मंजूर, म्हणजे ज्याच्याकडे कृपादृष्टीने बघितलं गेलं ते. 'फ-स-ल' म्हणजे वेगळं करणं. त्यातून तपशील, फैसला आणि फसली सालातला फसल. 'ह-ज-र' म्हणजे समोर असणं. त्यातून हजर, हजेरी, हुजूर, पेशव्यांची हुजुरात, आणि गोतसभेसमोर निवाडा होऊन लिहिला जाणारा महजर. पुण्यात १८८४ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळेला आपण ज्या नावाने ओळखतो त्या हुजूरपागेतही हाच शब्द.

पण या कामात फसगतही होते. अरबी-फारसी लिपीतली जीम, ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ो ही पाच वेगळी अक्षरं मराठीत येताना एका 'ज'मध्ये विरघळली. त्यामुळे नजर आणि नजराणा बहिणी वाटतात, पण नजराणा 'नवस, भेट' या अर्थाच्या वेगळ्या मुळाचा आहे. हजर आणि हजार यांचा काही संबंध नाही, हजार हा फारसी आकडा आहे. वसूल हा महसुलातला 'म' काढून झालेला नाही, त्याचं मूळ 'पोहोचणं' या अर्थाचं. महाराष्ट्र केसरीचा किताब म्हणजे पुस्तक नव्हे, तो मुळात 'खिताब' आणि शुक्रवारच्या खुतब्याचा नातलग. पैलवान ज्या तालमीत घाम गाळतो ती तालीम मात्र 'शिकवणं' या अर्थाची, इल्म आणि आलिम यांच्या घरातली.

इंग्रजीतही हेच चालतं. मी दिवसभर जावास्क्रिप्ट लिहितो, महिन्याला सबस्क्रिप्शन भरतो, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन घेतो. तिन्हींमध्ये 'लिहिणं' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. इंग्रजीने तो लॅटिनकडून, बराचसा फ्रेंचमार्गे घेतला. नॉर्मंडीच्या ड्यूकने १०६६ साली इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कोर्ट, कर आणि कारभार यांची भाषा पुष्कळशी फ्रेंच झाली. दख्खनमध्ये बहमनी आणि पुढच्या शाह्यांच्या काळात हेच फारसीचं झालं. मुळं अरबी, पण ती आली फारसीच्या हाताने. आणि फारसीचे स्वतःचे जोड तर आपल्या नात्यातलेच आहेत. जमाबंदीतला 'बंद' आणि संस्कृत 'बंध' एकाच कुळातले, इंग्रजी बाँडही तिथलाच. तहसीलदारातला 'दार' आणि 'धर' भाऊ. लाल रेघ बसलेला हप्ता फारसी 'हफ्त' म्हणजे सात यावरून आला. सप्त, सप्ताह, हप्ता आणि सेव्हन ही एकाच आजीची नातवंडं.

आता इथे माझ्या बाजूला अडचणीची ठरणारी गोष्टही सांगायला हवी. परके शब्द काढण्याची इच्छा त्या भाषातज्ज्ञापासून सुरू झालेली नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर असलेल्या या कोशाचे दहा वर्ग आहेत आणि त्यात दरबार, किल्ले, शस्त्रं, लेखन, बाजार यांतल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. ही लहर नव्हती. नवं राज्य आपली भाषा ठरवत होतं आणि तो त्याचा हक्क होता. राजवाड्यांनी जुन्या मराठी कागदांतले शब्द मोजले तेव्हा १६२८ च्या पत्रात फारसी शब्दांचाच भरणा दिसला आणि पुढच्या शतकभरात तो उतरत गेलेला दिसला.

पण भाषेने त्या कोशातलं सगळं घेतलं नाही. अमात्य आणि सचिव टिकले. बाजीरावाच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' असं आहे, आणि तरी सगळा महाराष्ट्र त्याला पेशवा म्हणतो. मुजुमदार आणि फडणीस आडनावं होऊन बसले. दस्तऐवजांतून जमा गेली नाही, खर्च गेला नाही.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, क्रमांक, महापौर हे त्यांचे शब्द आज सहज वापरतो, आणि ते चांगले शब्द आहेत. त्या चळवळीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी व्यक्ती म्हणजे माधव जूलियन. माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. मराठीत गझल रुजवली ती त्यांनीच. पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर समर्थक झाले, १९३८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्या जुन्या कवितांमधले फारसी शब्दही बदलले. ज्याला प्रत्येक शब्दाचं कूळ ठाऊक होतं, त्यानेच ते शब्द घराबाहेर काढले. मूळ माहीत झालं की माणूस आपोआप उदार होतो, हा माझा भाबडा समज त्यांच्यामुळे गेला.

म्हणून कंपनीला पाठवलेल्या टिपणात मी मुळांचा तक्ता दिला, पण निर्णय त्यावर सोपवला नाही. लिहिलं की शब्द कुठून आला याने काहीच ठरवू नका, तो कोणाला कळतो ते बघा. अम्मी आणि तिच्या भिशीतल्या आठ बायका एका संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये बसल्या. चौघी मुसलमान, तिघी मराठी हिंदू, एक गुजराती. दोन्ही याद्या दाखवल्या. जमा, खर्च, हिशेब, हजेरी, तपशील, मंजूर यांना आठही जणींनी हात वर केला. 'लेखा' तिघींना कळला, 'व्यय' एकीला. पण गंमत म्हणजे तारीख आणि दिनांक यांत सहा जणी दिनांकाच्या बाजूने गेल्या. बँकेच्या स्लिपवर तोच असतो, म्हणाल्या. मी तारखेच्या बाजूने होतो. तवारीख, म्हणजे इतिहास, तारखेच्याच घरातला, असं सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

भाषातज्ज्ञांशी नंतर फोनवर बोललो. वयाने मोठे, बोलायला सौम्य. म्हणाले, "अहो, मला वाटलं प्रमाण मराठी हवी आहे." मी म्हटलं, "सर, हीच आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हप्ता आणि सप्ताह माहीत नव्हतं मला. तक्ता पाठवा." मी पाठवला. ॲपमध्ये शेवटी जमा, खर्च, हिशेब राहिले आणि दिनांकही राहिला.

तक्त्याच्या तळाशी मी एक ओळ स्वतःसाठी ठेवली होती, ती कंपनीला पाठवली नाही. माझ्या पत्त्याची. 'नया' आला संस्कृत 'नव'वरून, 'नगर' तर सरळ संस्कृत. म्हणजे ज्या नावापाशी लोक क्षणभर थांबतात, त्यात एकही अरबी किंवा फारसी अक्षर नाही. पलीकडे भाईंदरला जुनं गाव आहे नवघर. नव आणि घर, नया आणि नगर. रिक्षाने वीस मिनिटं लागतात.

अम्मीच्या भिशीची नवी वही या महिन्यात सुरू झाली. पहिल्या पानावर तिने दोन रकाने आखले आणि वर लिहिलं: जमा, खर्च. कोपऱ्यात, पहिल्यांदाच: दिनांक.