शेकरू, साहेब आणि देवराई

डायन फॉसी हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १९६७पासून रवांडातल्या पहाडी गोरिलांसाठी झटणाऱ्या या बाईंचा डिसेंबर १९८५मध्ये त्यांच्या झोपडीतच खून झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतले सुमारे १३१ चौरस किलोमीटर जंगल भीमाशंकर अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मुख्यतः शेकरूसाठी!

शेकरू गोरिलासारखा संपत आलेला नाही, हे आधीच सांगतो. पण त्याचा सारा संसार झाडांच्या शेंड्यांवर. जमिनीवर तो सहसा उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर पाच-सहा मीटरची झेप घेतो. झाडांची वरची सलगता तुटली, की त्याची वाटच तुटते.

आपल्या डोंगरांतल्या या शेकरूची शास्त्रीय नोंद साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३१मध्ये केली आणि त्याला नाव दिले एल्फिन्स्टनचे. पुण्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून बसून ज्याने पेशवाई बुडवली, तोच हा एल्फिन्स्टन. शेकरूने ते मनावर घेतले नसावे!

साहेबाने नाव दिले. जंगल राखले ते मात्र इथल्या लोकांनी. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या. देवाच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही. काही ठिकाणी तर वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. या देवराया वाचवा, असे दोघांनी १९७५मध्येच लिहून ठेवले होते. अभयारण्याच्या दहा वर्षे आधी.

भीमाशंकरच्या परिसरातले महादेव कोळी हे अशा रानांचे जुने राखणदार. अभयारण्य झाले आणि त्यांच्याच वाटेवर चौकी आली. मला ही गोष्ट खटकते. रवांडाने २००५पासून गोरिला-पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा भोवतालच्या गावांना द्यायला सुरुवात केली, आणि २०१८मध्ये पहाडी गोरिलांची मोजलेली संख्या हजारावर गेली. त्यामागे इतरही कारणे आहेत, पहारा आहे, पशुवैद्य आहेत. तरी गावाला वगळून हे झाले नसते, असे मला वाटते.

आपल्याकडे २००६च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. देवळाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा, तेव्हा वरच्या फांद्या कुठे जुळतात हे त्या गावालाच आधी विचारायला हवे.