एडिंबरो : राजवाडा, मंदिरे आणि टेकड्या

एडिंबरो : स्कॉटलंडची राजधानी. लोकसंख्या सुमारे ५ लाख. फोर्थ नदीमुखाच्या दक्षिण किनाऱ्यालगत वसलेले हे शहर समुद्राला जवळ असूनही गिरिस्थानासारखे चढउतारांचे आहे. उंची हिमालयातल्या गावांच्या पासंगालाही पुरत नाही, पण सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला इथली रचना लगेच उमगते. शहराचा कणा ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा आहे. दख्खनच्या खडकाहून तो कितीतरी जुना, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा.

ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा म्हणजे आजचा कॅसल रॉक. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाला हा कठीण खडक तासता आला नाही. त्याच्या आडोशाला पूर्वेकडचा मऊ खडकही टिकला आणि उतरत जाणारी एक लांब सोंड तयार झाली. माथ्यावर किल्ला, पायथ्याशी राजवाडा आणि सोंडेवरून दोहोंना जोडणारा सुमारे १.८ किमी लांबीचा रॉयल माइल हा रस्ता, अशी जुन्या गावाची मांडणी आहे. जुने गाव व त्याच्या उत्तरेस १८ व्या शतकात आखलेले नवे गाव यांना १९९५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

किल्ल्याला तीन बाजूंनी कडे असल्याने वाट एकट्या पूर्वेकडून आहे. १५७१ ते १५७३ च्या वेढ्यात तोफांच्या माऱ्याने डेव्हिडचा मनोरा कोसळला, विहीर ढिगाऱ्याखाली गेली आणि पाण्यावाचून शिबंदीला किल्ला सोडावा लागला. आजचा अर्धचंद्राकृती बुरूज त्यानंतर बांधलेला. सेंट मार्गारेटचे छोटे प्रार्थनामंदिर १२ व्या शतकातले असून ती शहरातली सर्वांत जुनी शाबूत इमारत होय. गडावरच्या साऱ्या वैभवात हीच वास्तू मनाला अधिक भिडते.

होलीरूडचा राजवाडा मठाच्या कुशीत वाढला. मठाची स्थापना पहिल्या डेव्हिड राजाने ११२८ मध्ये केली. १७६८ मध्ये त्याचे छत कोसळले आणि आज उघड्या आभाळाखाली भिंती व कमानी उभ्या आहेत. राजवाड्याचा वायव्येकडील मनोरा पाचव्या जेम्सचा. उरलेली बरीचशी वास्तू दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, १६७१ पासून, विल्यम ब्रूसच्या आराखड्यानुसार उभी राहिली. या मनोऱ्यातच ९ मार्च १५६६ रोजी गरोदर राणी मेरीच्या भोजनाच्या खोलीतून तिचा चिटणीस डेव्हिड रिझिओ याला खेचून नेऊन ठार करण्यात आले. तीन महिन्यांनी मेरीने किल्ल्यावर मुलाला जन्म दिला. तोच १६०३ मध्ये इंग्लंडचाही राजा झाला. रॉयल माइलच्या दोन टोकांत घडलेला हा इतिहास कळण्यासाठी मधले अंतर पायी चालावेच.

वाटेत मुकुटाकार शिखराचे सेंट जाइल्स चर्च लागते. पहिल्या चार्ल्स राजाने लादलेल्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध १६३७ चा दंगा इथेच उसळला. या वाटेवर नव्हे, पण शहराच्या लीथ भागात एका जुन्या चर्चच्या इमारतीत हिंदू मंदिर आहे.

कॅल्टन टेकडीवर अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या धर्तीवर, नेपोलियनशी झालेल्या युद्धांतील मृतांचे स्मारक उभारायचे होते. १८२६ मध्ये काम सुरू झाले, १८२९ मध्ये पैसा संपला आणि १२ खांबांवर थांबले. या अपुरेपणाला गावाने पुढे नावे ठेवली. तरी मोकळ्या आभाळावर उमटणारे ते खांब पाहता, पूर्ण इमारत याहून देखणी झाली असती असे वाटत नाही. शहर पाहायचे तर याच टेकडीवरून. किल्ला, राजवाडा आणि समुद्र तिन्ही नजरेच्या टप्प्यात येतात. पायथ्याशी १८२९ ची रॉयल हायस्कूलची इमारत आहे. मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच शाळेचा विद्यार्थी, मात्र ही इमारत होण्यापूर्वीचा.

आर्थर्स सीट (२५१ मी.) हे शहरातले उंच ठिकाण, महाबळेश्वरच्या आर्थर पॉइंटशी त्याचा संबंध नाही. शेजारच्या सॅलिसबरी क्रॅग्जच्या कड्यात जेम्स हटन याने १८ व्या शतकात, वितळलेला खडक जुन्या थरांत घुसल्याच्या खुणा ओळखल्या. पृथ्वीच्या अफाट वयाची कल्पना ज्या खडकांच्या निरीक्षणांतून घडली त्यांत या कड्याचा समावेश होतो, म्हणून भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो चुकवू नये. कड्याखालून जाणारी रॅडिकल रोड ही वाट २०१८ मध्ये दरड कोसळल्यावर बंद करण्यात आली. माथ्यावर जाण्यासाठी पूर्वेकडील डन्सापी तळ्याकडची वाट सोपी आहे. वर वारा जोराचा असतो आणि शेवटचा खडक पावलांनी घासून गुळगुळीत झालेला आहे.