पाणलोट, पिक्सेल आणि दगडातले कण

उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. ही नदी उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. त्या रांगेवरून उत्तरेला घरंगळलेला थेंब पूर्णा-तापीतून अरबी समुद्रात जातो. पैनगंगेकडे वळलेला थेंब वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात पोहोचतो. पाणी वाटणारी ती रेषा म्हणजे जलविभाजक. पाणलोट विकासाची कामं करताना गावोगाव हीच रेषा आखतात. आणि सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत खडकाचे किंवा धातूचे कण मोजणारं सॉफ्टवेअरही हीच रेषा शोधतं.

ही कल्पना नकाशातून फोटोत आली कशी?

डोंगर-दऱ्यांच्या रेषांचं गणित आर्थर केलीने 1859 मध्ये आणि जेम्स क्लर्क मॅक्सवेलने 1870 मध्ये मांडलं होतं. पुढे 1964 च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्याँ सेरा लॉरेनच्या लोहखनिजाची रचना मोजत होते. जॉर्ज माथेरॉन यांच्यासोबतच्या त्या कामातून आकारांचं एक नवं गणित जन्मलं. त्याच परंपरेतल्या सर्ज ब्यूशे आणि क्रिस्तियाँ लांत्वेजुल यांनी 1979 मध्ये सुचवलं की फोटो हाच भूप्रदेश समजा. उजळ पिक्सेल म्हणजे उंचवटा, काळसर पिक्सेल म्हणजे खळगा. प्रत्येक खळग्यातून पाणी चढू द्या आणि दोन पाणी भेटतील तिथे बांध घाला. तो बांध म्हणजे दोन कणांमधली सीमा. 1991 मध्ये ल्यूक व्हिन्सेंट आणि पिएर स्वाय यांनी हे पाणी भरण्याची जलद रीत दिली आणि ती साध्या संगणकांच्याही आवाक्यात आली.

पण एक अडचण होती. खऱ्या फोटोत असंख्य बारीक खळगे असतात. कुठे धुळीचा ठिपका, कुठे कॅमेऱ्याचा कचरा. प्रत्येकातून पाणी चढलं की एकाच कणाचे पन्नास तुकडे पडतात. सेटिंग्ज आल्या त्या यासाठीच. आधी फोटो थोडा गुळगुळीत करायचा. मग खोलीची मर्यादा ठरवायची, म्हणजे तिच्यापेक्षा उथळ डबकी धरली जात नाहीत. किंवा पाणी कुठून चढवायचं त्या खुणाच आपण द्यायच्या.

मर्यादा फार कमी ठेवली तर कण फुटतात, फार वाढवली तर शेजारचे दोन कण एक होतात. दोन्ही उत्तरं पडद्यावर सारखीच सुबक दिसतात. धातूत याची किंमत मोठी असते, कारण कण जितके बारीक तितका धातू सहसा मजबूत. हा नियम हॉल आणि पेच यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिला. कणांची मोजणी चुकली की मजबुतीचा अंदाजही चुकतो.

म्हणून आधी दोन-चार फोटोंतले कण हाताने मोजा, आकडा जुळेल अशी सेटिंग ठरवा आणि मग सगळ्या फोटोंना तीच लावा. प्रत्येक फोटोला वेगळी सेटिंग दिली तर फरक दगडातला की आपल्या बोटांचा, हे कळणारच नाही. आणि अहवालात आकड्याशेजारी ती सेटिंगही लिहा. कुठल्या डबक्याला नदी म्हणायचं हे संगणकाने ठरवलेलं नसतं. ते तुम्ही ठरवलेलं असतं.