पावणेचार इंची क्रँक

१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं इंजिन बाजारात आणलं आणि काही वर्षांतच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते खोलायला घेतलं. म्यूरॉक, एल मिराज या आटलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत जुन्या फोर्ड गाड्या पळवायच्या आणि पुढच्या खेपेला त्याहून जोरात पळवायच्या, हाच उद्योग. १९३७ मध्ये या शर्यतींसाठी त्यांनी संघटनाही उभी केली. इंजिनाची ताकद वाढवायला सिलिंडर बोअर करून रुंद करता येई. पण ब्लॉकची भिंत किती खरवडणार? उरला दुसरा मार्ग, पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक लांबवण्याचा. त्यासाठी क्रँकशाफ्टच बदलावा लागतो.

तो फोर्डच्याच घरात मिळाला. मर्क्युरी हा फोर्डचा थोडा महागडा ब्रँड. १९४९च्या मर्क्युरीत ४ इंच स्ट्रोकचा क्रँक आला. फोर्डचा स्ट्रोक पावणेचार इंच होता. मर्क्युरीचा क्रँक फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसे. मात्र पाव इंच वाढलेल्या स्ट्रोकमुळे पिस्टन एक अष्टमांश इंच जास्त वर जातो आणि तेवढाच जास्त खाली येतो. तो ब्लॉकच्या माथ्याबाहेर डोकावू नये म्हणून पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचं भोक पिस्टनमध्ये तितकंच वर घ्यावं लागे. क्रँक, रॉड आणि पिस्टन यांची सांगड घालणं म्हणतात ते हेच. स्ट्रोक लांबवलेलं इंजिन म्हणजे ‘स्ट्रोकर’; ‘हॉट रॉड’ मासिकात तेव्हा टॉम मेडली ज्या उपद्व्यापी पात्राची व्यंगचित्रं काढत, त्याचं नावच स्ट्रोकर मॅकगर्क होतं.

१९५५ मध्ये शेवरलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ आलं आणि हा सगळा खेळ हळूहळू तिकडे सरकला. २६५ घन इंचांपासून सुरू झालेलं हे इंजिन १९६७ मध्ये ३५० वर आणि १९७० मध्ये ४०० वर पोचलं. ३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच, ४०० चा ३.७५. मोठं इंजिन असूनही ४०० कडे शौकिनांनी नाकच मुरडलं. त्याचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले, मध्ये पाणी खेळायला जागा नाही; ते तापतं, अशी त्याची ख्याती. क्रँक मात्र सोन्यासारखा!

का, ते आकडेच सांगतात. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत दोन्ही इंजिनांत अंतर तेच, ९.०२५ इंच. अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिनपासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची या तिघांना त्यातच मावायचं असतं. ३५० मध्ये १.७४ अधिक ५.७ अधिक १.५६, बेरीज ९ इंच. ४०० मध्ये अर्धा स्ट्रोक वाढून १.८७५ झाला, तर कारखान्याने रॉड ५.५६५ इंचांचा केला. बेरीज पुन्हा ९. म्हणजे ४०० चा क्रँक आणि ४०० चेच रॉड घेतले, तर ३५० चा पिस्टन जसाच्या तसा बसतो. सिलिंडर ०.०३० इंच बोअर केला की हिशेब येतो ३८३ घन इंच, सुमारे सव्वासहा लिटर.

अर्थात बेरीज जुळली म्हणून इंजिन जुळत नाही. ४०० च्या क्रँकचे मुख्य जर्नल, म्हणजे ब्लॉकमधल्या बेअरिंगांत फिरणारे त्याचे गोल भाग, २.६५ इंचांचे, ३५० च्या ब्लॉकला हवेत २.४५; म्हणून क्रँक आधी ग्राइंडिंगला. रॉडचे बोल्ट फिरताना कॅमशाफ्टला आणि ब्लॉकच्या खालच्या कडेला घासू पाहत, तिथे ग्राइंडर चालवावा लागे. सगळ्यात चकवणारी गोष्ट बॅलन्सिंगची. लांब स्ट्रोकच्या क्रँकवर पुरेशी वजनं घालायला जागा नव्हती, म्हणून ४०० ची उरलेली वजनं पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर होती. क्रँक बदलला आणि डॅम्पर ३५० चाच ठेवला, की गाडी थरथरायला लागलीच.

आखूड रॉडचंही एक दुखणं होतं. तो जास्त तिरपा होतो आणि पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. म्हणून ५.७ आणि पुढे ६ इंची रॉड आले. रॉड वाढला तेवढी पिस्टनची उंची घटली: १.५६ वरून साधारण १.४२५, मग १.१२५. सहा इंची रॉडच्या वेळी तर पिनचं भोक तेलाच्या रिंगच्या खाचेत घुसतं आणि त्या रिंगखाली वेगळी आधारपट्टी द्यावी लागते. रस्त्यावरच्या गाडीसाठी एवढा आटापिटा करावा का, हा प्रश्न रास्त आहे, ५.७ तिथे पुरतो.

१९८० नंतर ४०० चं उत्पादन थांबलं आणि भंगारातले क्रँकही विरळ होत गेले. तोवर मागणी इतकी वाढली होती की सुटे भाग बनवणाऱ्यांनी ३५० च्या जर्नलचे, पण पावणेचार इंच स्ट्रोकचे नवे क्रँक बाजारात आणले. पुढे खुद्द शेवरलेनेही तयार ३८३ इंजिन विकायला ठेवलं.