सोळा इंची ढोल आणि मामाजींचा प्रश्न

गेल्या डिसेंबरात मोठ्या मामांच्या मुलाचं लग्न होतं, आमगावजवळच्या गावात. आम्हा भावंडांची एक हौशी ऑर्केस्ट्रा पार्टी आहे (दोन गिटार, एक कीबोर्ड आणि मी), आणि रिसेप्शनला आपणच वाजवायचं असं परस्पर ठरून गेलं. खरी पंचाईत माझी. गिटार पाठीला लावली की झालं. ड्रमसेट पुण्याहून गोंदियाला कसा न्यायचा?

तर मी नेला. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये, बर्थखाली सरकवून. टीसीने एकदा वाकून पाहिलं आणि "भांडी आहेत का?" असं विचारलं, तेवढंच.

हे जमलं कारण माझा सेट फुल साइझ नाही. नेहमीच्या सेटमध्ये पायाने वाजवायचा बेस ड्रम २२ इंचांचा असतो. तो रिक्षात बसला तर तुम्ही बसत नाही. मी एक सेकंडहँड १६ इंची फ्लोअर टॉम (म्हणजे तीन पायांवर उभा असतो तो ड्रम) स्वस्तात घेतला आणि आडवा पाडून त्याचाच बेस ड्रम केला. ऐकायला सोपं वाटतं, पण १६ इंची ड्रम जमिनीवर आडवा ठेवला की त्याचा मध्य जेमतेम ८ इंचांवर येतो. पेडलचा हातोडा त्याच्या बराच वर, कडेजवळ आपटतो आणि आवाज डब्यासारखा येतो. मग आमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टीची घोडी करून घेतली. तिने ड्रम तीन इंच उचलला गेला आणि हातोडा मध्यावर पडायला लागला.

दुसरी भानगड सुराची. थोडं फिजिक्स सहन करा. ताण तेवढाच ठेवला तर चामड्याचा व्यास जितका कमी तितका सूर वर जातो. २२ ला १६ ने भागा, १.३७ पट. सूर पुन्हा खाली आणायचा तर ताण जवळजवळ निम्म्यावर आणावा लागतो (१६/२२ चा वर्ग, ०.५३). इतकं सैल चामडं पायाला चिखलासारखं लागतं. म्हणून मी अध्येमध्ये कुठेतरी थांबलो. आवाज 'धम्म' ऐवजी 'धप' येतो. लग्नाला चालतो.

असो. मुद्दा हा नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मी सेट मांडत होतो. धाकटे मामाजी खाटेवर बसून बघत होते. हे मामाजी पूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांत नाल वाजवायचे. बेस ड्रम झाला, स्नेअर झाला, एक टॉम, एक फ्लोअर टॉम, हाय-हॅट, वर एक मोठी झांज. सगळं लागल्यावर त्यांनी विचारलं,

"हे सारं वाजवाले किती मानसं लागतेत, बाबू?"

"एकच, मामाजी. मीच."

"मंग बाकीचे कुठी गेले?"

मी हसलो. पण परतीच्या प्रवासात वीस-बावीस तास हातात होते, आणि तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुण्यात आल्यावर वाचत बसलो. वाचलं ते असं.

प्रश्न अगदी बरोबर होता. ड्रमसेट म्हणजे मुळात काढून टाकलेल्या माणसांची बेरीज आहे. लष्करी बँडमध्ये बेस ड्रमवाला वेगळा, साइड ड्रमवाला वेगळा, झांजवाला वेगळा. तीन माणसं, तीन पगार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत नाटकगृहांच्या वादकांसाठी रंगमंचापुढे एक अरुंद खड्डा असायचा. जागा कमी, मालकाचा हात त्याहून आखडता. मग एकाच वादकाने बेस ड्रम शेजारी ठेवायचा, साइड ड्रम खुर्चीवर टेकवायचा आणि त्याच दोन काठ्यांनी आलटून पालटून दोन्ही बडवायचे, अशी पद्धत पडली. त्याला 'डबल ड्रमिंग' म्हणत.

हातांवरचं हे काम पायावर ढकलायचे प्रयोग बरेच झाले होते, पण ते पेडल रॅगटाइमच्या वेगाला पुरे पडत नव्हते. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम लुडविग या वादकाने जलद चालणारं पेडल बाजारात आणलं आणि भाऊ थिओबाल्ड याच्याबरोबर कंपनी काढली. आज मी जे पेडल दाबतो त्याचा हा पणजोबा. पुढे विसाच्या दशकात पायाने वाजणाऱ्या झांजा आल्या आणि त्या उंच होत होत हाय-हॅट झाल्या. म्हणजे झांजवाला डाव्या पायात गेला आणि ढोलवाला उजव्या पायात.

त्या काळच्या ड्रमरकडे आणखी बराच पसारा असे: शिट्ट्या, घंटा, लाकडी ठोकळे. मूकपटात घोडा पळाला की टापा त्यानेच वाजवायच्या, आगगाडी आली की शिट्टीही त्यानेच. मग १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला, पडदा बोलायला लागला आणि पुढच्या काही वर्षांत थिएटरातल्या वादकांची गरजच संपली. ज्याने तिघांचं काम एकट्याने करून दाखवलं होतं, तोही घरी गेला.

ड्रमचं आकारमानही असंच जागेच्या आणि गाडीभाड्याच्या हिशोबाने बदललंय. मोठ्या नृत्यगृहांतल्या बँडचे बेस ड्रम २६-२८ इंचांचे असत. चाळीस-पन्नासच्या दशकांत जॅझ छोट्या क्लबांत शिरला आणि ड्रम २० वर, मग १८ वर आला. बीटल्सच्या रिंगो स्टारने १९६३ मध्ये घेतलेल्या लुडविग सेटचा बेस ड्रमसुद्धा २० इंचीच होता. २०१३ मध्ये त्याच लुडविगने क्वेस्टलव्ह या ड्रमरबरोबर १६ इंची बेस ड्रमचा एक स्वस्त सेट काढला, छोट्या फ्लॅटसाठी आणि छोट्या कार्यक्रमांसाठी. त्याच्याबरोबर ड्रम उचलायची घोडीही येते. मला वाटत होतं ती आयडिया माझी :-)

आता आपल्याकडे. ढोल आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती, पण लष्करी पद्धतीचा बँड इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला आणि लग्नाच्या वरातीत शिरला. मेरठला १८८५ मध्ये सुरू झालेली नादिर अली अँड कंपनी आजही बँडची वाद्यं बनवते, आणि तिथली जली कोठी ही गल्ली त्याच धंद्यासाठी ओळखली जाते. वरातीच्या बँडमध्ये मात्र तिघांचे तिघेच राहिले. कारण सोपं आहे. चालता चालता पेडल दाबता येत नाही! शिवाय वरातीत माणसं जास्त दिसली तरच यजमानाची शान.

बसून वाजवायचा ड्रमसेट आपल्याकडे रुळला तो मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमात. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय जॅझवाला आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या आणि पारशी वादकांनी हे संगीत आत्मसात केलं आणि दिवसा स्टुडिओत, रात्री हॉटेलात अशी दुहेरी पाळी केली. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) जो झिंग आणणारा ताल आहे, त्यामागे चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याच्या कंपूचा हात आहे. तालवाद्यांत कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केरसी आणि बुजी ही मोठी नावं. गंमत बघा, हिंदी सिनेमात सिंथेसायझर आणणाऱ्यांमध्ये केरसी लॉर्डच पुढे होते. नव्वदच्या दशकापर्यंत प्रोग्रॅमिंगने स्टुडिओतले मोठमोठे वाद्यवृंद बरेचसे रिकामे केले. पुन्हा तीच कथा.

आणि आता झाडीपट्टी. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो: गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान निघालं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. कुठे शंकरपट असला की तिथेही नाटक. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या धंद्याचं केंद्र, गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवरचं. तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. तिकीट काढून हजारो माणसं थंडीत रात्रभर बसतात, पहाटे नाटक संपतं आणि गाडी पुढच्या गावाला निघते. २०२३ मध्ये या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाकी महाराष्ट्राला जरा जाग आली. या नाटकांत गाणी असतात आणि संगीत जिवंत असतं. पोस्टरवर नटांच्या खाली वादकांचीही नावं छापतात: ऑर्गन अमुक, तबला तमुक, ऑक्टोपॅड अमुक.

ऑक्टोपॅड हे त्या पोस्टरवरचं सगळ्यात तरुण वाद्य. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये तो पहिल्यांदा काढला: आठ रबरी चौकोन असलेली एक पेटी. तिला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी मारली की ती मिडीवरून (वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ ची) दुसऱ्या यंत्राला निरोप धाडायची. १९९८ मध्ये आलेल्या एसपीडी-२० मध्ये मात्र ७०० आवाज पोटातच होते, तबल्यासकट. भारतातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी तो डोक्यावर घेतला. साहजिकच आहे. अख्खा ड्रमसेट, ढोलक आणि काँगो एका बॅगेत! मी फॅब्रिकेशनवाल्याकडे खेटे घालून जे केलं, त्याच्या कितीतरी पुढची मजल.

मामाजींच्या कंपनीतही तो आला. पहिल्या सीझनला नाल आणि ऑक्टोपॅड दोन्ही होते. दुसऱ्या सीझनला गाडीत जागा नाही असं कारण निघालं. तिसऱ्या वर्षी, "नालचा आवाज पोऱ्या त्यातच काढते," असं सांगण्यात आलं आणि मामाजी धानाकडे परतले. भांडण नाही, निरोप समारंभ नाही. पुढच्या पोस्टरवर एक ओळ कमी, बस्स. लग्नात मी त्यांना विचारलं, राग नाही आला? ते म्हणाले, "त्या पोऱ्यावर काहून राग धरू? त्यालेबी पोट हाय. मलेच इचारत जाय तो, खलनायक येते तवा काय वाजवू म्हनून."

हे वाक्य मला लागलं, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये तीन जण रोज रात्री हाताने टेस्टिंग करायचे. मी एक स्क्रिप्ट लिहिली. आता एक जण सकाळी येऊन रिपोर्ट बघतो. मला त्याबद्दल मेलवर शाबासकी मिळाली, आणि मी ती आईला फॉरवर्डही केली. उरलेल्या दोघांपैकी एक दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. दुसरा काही महिने बेंचवर होता, मग दिसेनासा झाला. ती स्क्रिप्ट लिहिताना कुठल्या टेस्ट महत्त्वाच्या ते मी त्यालाच विचारत होतो. तो कुठे गेला, हे मी कधी विचारलं नाही. मामाजींनी विचारलं ना, "बाकीचे कुठी गेले?"

आता यावर 'जुनं ते सोनं' असं म्हणून मोकळं होता येत नाही. लुडविगचं पेडल नसतं तर जॅझ नसता, रिंगो नसता आणि मी नसतो. ऑक्टोपॅडमुळे छोट्या कंपनीलाही भरगच्च संगीत परवडलं आणि पडदा उघडत राहिला, हेही खरंच असणार. शेवटी सगळा संच एकाच गाडीत बसवायचा असतो. पण वाद्य लहान होतं तेव्हा वाचलेली जागा आणि वाचलेला पगार कोणाकडे जातो, हा हिशोब १९०९ पासून कोणी ड्रमच्या कॅटलॉगात छापलेला नाही.

रिसेप्शनचं सांगायचं राहिलं. कार्यक्रमाच्या तासभर आधी मी टॉम आणि फ्लोअर टॉम दोन्ही काढून मांडवामागे ठेवले. राहिले बेस ड्रम, स्नेअर, हाय-हॅट आणि ती एक झांज. मधल्या मोकळ्या जागेत एक खुर्ची टाकली आणि एक माइक खाली वाकवला. मामाजी आधी "नाही जी, आता हात राह्यला नाही," म्हणाले. मग माळ्यावरून नाल खाली आली, पाना शोधायला माणूस धावला आणि सूर लावण्यात वीस मिनिटं गेली. पहिल्या गाण्यात मी त्यांच्या पायात पाय अडकवल्यासारखा वाजवला. दुसऱ्यात त्यांनी मान हलवून मला गप्प बसायची खूण केली, आणि मी दोन ओळी नुसता हाय-हॅट धरून बसलो. तिसऱ्यापासून जमलं.

येताना दोन्ही टॉम गोंदियालाच ठेवून आलो. सेट अजून हलका झालाय, आता बर्थखाली एक सुटकेसही बसते. फक्त वाजवायला दोन माणसं लागतात.

आणि हो, त्या बेंचवरच्या मित्राचा नंबर फोनमध्ये अजून आहे. हे लिहून झालं की लावणार आहे.