उंदीर किती वेळ झोपला?

या वीकेंडला जरा वेगळा विषय. गांजातली द्रव्यं आणि झोपेची औषधं एकत्र दिली की प्राणी जास्त वेळ का झोपतात? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तराचा मोठा भाग हाती लागायला तीसेक वर्षं गेली.

१९४०च्या दशकात अमेरिकेत सीगफ्रीड लोवे यांनी गांजातली वेगवेगळी द्रव्यं प्राण्यांवर तपासली. एक चाचणी कुत्र्याची: तो झोकांड्या खातो का? दुसरी उंदरांची: बार्बिट्युरेटने आलेली झोप या द्रव्यामुळे वाढते का? गंमत म्हणजे कॅनाबिडिऑल (आजचं प्रसिद्ध सीबीडी) कुत्र्याचा तोल घालवत नव्हतं, उंदरांची झोप मात्र वाढवत होतं.

अशा प्रयोगात झोप मोजतात कशी? उंदराला पाठीवर ठेवायचं, घड्याळ लावायचं. तो स्वतःहून उलटून पायांवर आला, की झोप संपली. सोपं आहे ना? पण मेख इथेच आहे. घड्याळ फक्त आउटपुट दाखवतं, आतला कोड नाही. झोप वाढली ती मेंदू जास्त सुस्तावला म्हणून, की झोपेचं औषध शरीरातून लवकर गेलंच नाही म्हणून?

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं. मग एकेक घटक स्वतंत्रपणे तपासणं सोपं झालं. १९७२ मध्ये ऑक्सफर्डच्या पेटन आणि पर्टवी यांनी दाखवलं, की सीबीडी यकृतातल्या एन्झाइम्सना अडवतं. त्यामुळे पेंटोबार्बिटोन रक्तात रेंगाळतं. झोपेशी संबंध नसलेल्या फेनाझोनचं विघटनही तसंच मंदावलं. टीएचसी स्वतः मेंदूला सुस्तावतं हे खरंच, पण सीबीडीची बरीचशी करामत यकृतातली निघाली.

'असेल! आपल्याला काय त्याचं?' असं म्हणाल, तर पुढे ऐका. २०१८ मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या दोन गंभीर प्रकारांसाठी सीबीडीचं औषध मंजूर झालं. त्यातली बरीच मुलं आधीपासून क्लोबाझाम घेत होती. सीबीडी यकृतातलं एक एन्झाइम अडवतं आणि क्लोबाझामपासून बनणाऱ्या सक्रिय द्रव्याची रक्तातली पातळी साधारण तिप्पट होते. मूल पेंगायला लागतं. अशा वेळी डॉक्टरांना क्लोबाझामचा डोस कमी करायचा विचार करावा लागतो.

थोडक्यात काय, 'नैसर्गिक आहे, घ्या बिनधास्त' असं कुणी म्हणालं, तर आधी एकच विचारा: बरोबर दुसरं कुठलं औषध चालू आहे?