रिळावरची अक्षरे आणि ती वाचणारे हात

परदेशीपुरा म्हटले की आपल्यातील जुन्या मंडळींना गिरणीचे भोंगे आठवतात आणि तरुणांना इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स. आमच्या वस्तीतील मुले आज संगणकावर पोट भरतात. त्या संगणकाची स्मृती एके काळी रिळांवर गुंडाळलेली असे. तिची हकीकत येथे थोडक्यात मांडतो.

जर्मनीत फ्रिट्झ प्फ्लॉयमर यांनी 1928 मध्ये कागदी पट्टीवर लोहचूर्ण चिकटवून आवाज साठविण्याची युक्ती काढली. 1951 च्या युनिव्हॅक संगणकाने धातूची पट्टी वापरली, तर 1952 मध्ये आयबीएमने प्लॅस्टिकची टेप आणली. अडचण अशी होती की, टेप क्षणार्धात पळवावी व थांबवावी लागे. जड रीळ तसे हिसके घेत नाही. म्हणून दोन्ही रिळांजवळ उभ्या पोकळ्या केल्या. त्यांतील हवा ओढून घेतली की टेपचा सैल फास आत लोंबत राही. हिसका तो फास सोसे. रीळ मागाहून सावकाश फिरे.

पुढे रूढ झालेली टेप अर्धा इंच रुंद आणि साधारण 2400 फूट लांब असे. तिच्यावर नऊ समांतर रेघा असत: आठ मजकुराच्या, नववी ताळा पाहण्याची. इंचाला 1600 अक्षरे धरली, तर एका रिळावर सुमारे साडेचार कोटी अक्षरे मावत. मधल्या मोकळ्या जागा वजा जाता कमी. रिळाच्या पाठीमागे प्लॅस्टिकचे कडे बसविले तरच यंत्र लिहू शके. कडे काढले की जुना मजकूर सुरक्षित.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला. देशभरातील संशोधक आपली गणिते घेऊन कुलाब्याला जात. पुढे विदेशी भांडवलाच्या नियमांवरून मतभेद होऊन आयबीएमने 1978 मध्ये भारत सोडला. तिची यंत्रे मात्र येथेच राहिली. ती चालती ठेवण्याचे काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतले.

हे काम बारकाईचे होते. टेपचा भुगा हेडवर साचे. तो अल्कोहोलने पुसावा लागे. हेड केसभर तिरके झाले, तरी एकाच अक्षराचे नऊ अंश मागेपुढे पोहोचत आणि वाचन चुके. म्हणून खास मोजमापाची टेप लावून हेड सरळ करीत. अशा हातांवर पगारपत्रके, बिले आणि शास्त्रज्ञांची गणिते अवलंबून होती.

श्रुतपंचमीला आम्ही जैन मंडळी ग्रंथ बाहेर काढून पुसतो. पोथीला लिपी जाणणारा डोळा पुरतो. टेपला यंत्र लागते आणि यंत्राला ते जाणणारा माणूस. अमेरिकेत 1966 मधील चंद्राची छायाचित्रे टेपवर शाबूत होती, पण ती वाचणारी यंत्रे दुरुस्त करून पहिले चित्र पुन्हा मिळायला 2008 साल उजाडले. तीही कोणीतरी जुनी यंत्रे मोडीत न काढता गॅरेजमध्ये सांभाळली म्हणून.

तेव्हा आपल्या माळ्यावर एखादे रीळ सापडले, तर ते लगेच लावून पाहू नका. कित्येक टेपांतील डिंकासारखा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो आणि फिरविताच मजकूर खरवडून निघतो. जाणकार अशी टेप मंद उष्णतेवर कित्येक तास सुकवून मग तिची नक्कल घेतात. तोवर रीळ कोरड्या, थंड जागी उभे ठेवा. डब्यावरची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घ्या.

माझा व्यवसाय रोग्याची हकीकत ऐकून लिहून घेण्याचा. तोच सल्ला आपल्यालाही देतो. आपल्या घरातील कोणी काका, मामा वा आत्या मुंबई-पुण्याच्या संगणक खोलीत नोकरीला असतील, तर ते आज सत्तरी-ऐंशीत असतील. कोणता आवाज आला की कोणता पट्टा सैल झाला, हे त्यांनाच ठाऊक आहे. या दिवाळीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.